चादरीची पलीकडची टोकं

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. घालणाऱ्या घालतात, पण ती घडी नव्हे, गुंडाळी. घडीला समोरासमोर दोघी लागतात. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, मधून दुमडायची, मग एकीनं चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. लाँड्रीत कामं ढीगभर, पण मोठ्या बाईंचा जीव या एकाच कामात. चादर हॉटेलाची असो की दवाखान्याची, काठाला काठ भिडला नाही की त्या अख्खी घडी पुन्हा उलगडायला लावत. वर म्हणत, "घरी अशीच घालतेस काय गं? मग नवरा रात्रभर कुशी बदलत असेल बिचारा."

लाँड्री त्यांनीच उभी केलेली. नवरा गेला तेव्हा हाताशी दोन टब होते आणि कडेवर एक मुलगा. आता बॉयलर होता, ड्रायर होता, चादरी दाबून काढणारा लांबलचक रोलर होता, आणि कडेवरचा मुलगा मिशी ठेवून हिशेब बघत होता. शाळेचं म्हणाल तर मोठ्या बाई जेमतेम पाटीपुरत्या गेलेल्या. पण जिभेला शाळा लागत नाही. त्यांच्या जिभेपुढं बॉयलरही जरा दबून वाफ सोडतो, असं रोलरवरची बाई म्हणायची. या बाईला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी एकदा सुरू झाली की संध्याकाळी दार ओढेपर्यंत बंद व्हायची नाही.

घडीला मोठ्या बाईंच्या समोर उभी राहायची ती त्यांची सून.

सुनेला आजार होता. दोन वर्षांमागं एका डोळ्यापुढं धुकं आलं, ते गेलं, आणि मग डावा पाय ओढायला लागला. मोठमोठ्या यंत्रात घालून तपासलं तेव्हा नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मोठ्या बाईंनी ते नाव एकदाही तोंडात घेतलं नाही. मुलानं त्यांना समजावलं होतं, "आई, जुन्या इस्त्रीची वायर बघ. वरचं कापड झिजलं की आत तार शाबूत असूनही करंट इकडंतिकडं पळतो. तसं तिच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात झालंय."

"मग नवीन वायर बसवा म्हणावं."

"माणसाला नाही गं बसवता येत."

मोठ्या बाईंनी जुन्या इस्त्रीची वायर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. 

पण त्यांनी सुनेला खाटेवर बसवलं नाही. दुसऱ्याच दिवशी घडीच्या टेबलाजवळ आणून उभं केलं. "पाय ओढतो ना? मग पाय नको चालवूस. हात चालव." कंबर टेबलाला टेकवून सून जागेवर उभी राहायची आणि टोकं नेऊन द्यायला सासूच चालत जायची. सगळ्या लाँड्रीत मोठ्या बाईंना चालायला लावणारी ही एकटीच, असं रेडिओ दिवसातून दोनदा तरी जाहीर करायची. सून हसायची. मोठ्या बाई हसायच्या नाहीत, पण चालायच्या. दुपारपर्यंत दोघींत एक लय लागायची, आणि ती लय मोठ्या बाईंना पोटच्या पोराशीसुद्धा कधी लागली नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायच्याही नव्हत्या.

अशात त्यांनी कवळी बसवून घेतली. दातांच्या डॉक्टरनं साच्यात काय घोळ घातला देव जाणे, पण कवळी हिरड्यांना चावायची. दुपार झाली की त्या भिंतीकडं तोंड करून ती काढत आणि रुमालात गुंडाळून एप्रनच्या खिशात ठेवत. कवळी निघाली की जबडा मोकाट सुटायचा. ओठ आत जायचे आणि तोंड आपलं आपण रिकामंच चघळत राहायचं, मच् मच् मच्. एकदा ड्रायरच्या काचेच्या दारात त्यांनी ते रूप पाहिलं. ज्या बाईपुढं पुरवठादार उभे राहताना टोपी काढायचे, ती रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी दिसत होती. त्या दिवसापासून कवळी काढली की त्या ओठ घट्ट मिटून घेत आणि कुणाच्या समोर जात नसत. समोर जायचं ते फक्त सुनेच्या. चादर धरायची म्हणजे समोर उभं राहणं आलंच.

आणि सुनेनंच ते केलं.

दवाखान्याच्या चादरी होत्या. झटकून झाली, ताणून झाली, मोठ्या बाई दुमडायला निघाल्या तर पलीकडून ओढच नाही. त्यांनी मान वर केली. सून सरळ त्यांच्याकडं बघत होती. डोळे त्यांच्या तोंडावर रोखलेले, आणि तिचं स्वतःचं तोंड चालू होतं. मच् मच् मच्. ओठ आत ओढून, जबडा हलवून, अगदी हुबेहूब. वर उजव्या हातानं चादरीचा काठ चिमटीत धरून ती तो कुरतडल्यासारखी ओढत होती.

"काय गं ए!" मोठ्या बाई म्हणाल्या.

मच् मच्.

"मला वेडावतेस? माझ्यासमोर, माझ्याच लाँड्रीत उभी राहून?"

सुनेनं डोळासुद्धा हलवला नाही. चादरीचं एक टोक तिच्या हातातून सुटून फरशीवर पडलं. धुतलेली चादर, फरशीवर! मग तिनं एक लांब श्वास घेतला, इकडंतिकडं पाहिलं आणि साळसूदासारखं विचारलं, "काय म्हणालात, आई?"

मोठ्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी आपली दोन टोकं टेबलावर टाकली, भिंतीकडं वळून कवळी तोंडात कोंबली आणि त्या क्षणापासून सुनेशी अबोला धरला.

अबोला धरून घडी घालणं फार अवघड. "ताण", "सोड", "घे" एवढंसुद्धा बोलायचं नाही म्हणजे नुसत्या भुवयांवर काम. सून बिचारी पुन:पुन्हा विचारायची, "आई, काही चुकलं का माझं?" मोठ्या बाई खिडकीकडं बघायच्या. आणि ते पुन्हा झालं. मग आणखी एकदा. मध्येच थांबायची, तोंडाकडं बघायची, चघळायची, काठ ओढायची, आणि वर तेच, काय म्हणालात आई. दर खेपेला मोठ्या बाईंच्या मनात एकेक वीट चढत गेली. आजारी म्हणून हिला मी जपली, हिच्यासाठी मी चालले, आणि ही माझ्या बोळक्या तोंडाची टिंगल करते.

मुलानं विचारलं, "तुमचं काय बिनसलंय?"

"माझं काही नाही. तुझ्या बायकोला विचार. नाटकात काम करते ती हल्ली."

"ती म्हणते, तिला काही माहीतच नाही."

"मग माझंच डोकं फिरलं असेल. मला ने डॉक्टरकडं."

खरं कारण त्या सांगणार कशा? सांगायचं म्हणजे आपलं तोंड दुपारी कसं होतं, ते आधी सांगायला हवं. त्यापेक्षा मूग गिळून बसलेलं बरं. मुलगा मात्र बराच वेळ दारात घुटमळला. म्हणाला, "आई, ती घाबरलीय. म्हणते, मधले मधले तुकडे गळून जातात. बोलता बोलता काय झालं ते आठवत नाही. आजार आता डोक्यात चढला असं वाटतंय तिला. काही दिवस माहेरी जाते म्हणते."

"जाऊ दे की. तिथं कवळीवाली कुणी नसेल."

"काय?"

"काही नाही. जा, हिशेब बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामं बदलली. घडीला रेडिओला समोर घेतलं आणि सुनेला कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करायला बसवलं. तिच्या टेबलासमोर भिंत होती. मोठ्या बाईंना हवं होतं ते एवढंच, की ते तोंड दिवसभर आपल्यासमोर नको.

रेडिओची घडी म्हणजे गुंडाळीच. "अगं ताण की! चादर आहे, शेजारणीची चहाडी नव्हे, मोकळी सोडायला!" मोठ्या बाई ओरडत होत्या, तेवढ्यात वास आला. जळक्या सुताचा वास लाँड्रीवालीला झोपेतही कळतो. त्या गर्रकन वळल्या. कोपऱ्यातून धूर निघत होता. इस्त्री अभ्र्यावर तशीच ठेवलेली, आणि तिच्यावर सुनेचा डावा हात.

अख्खी लाँड्री हादरेल असे शब्द जिभेवर तयार करूनच मोठ्या बाई कोपऱ्यात पोचल्या. "डोळे फुटले का तुझे" एवढं म्हणूनही झालं. आणि पुढचे शब्द आत गेले.

सून भिंतीकडं बघत होती. तोंड चालू होतं. मच् मच् मच्. उजवा हात पोटावरचं कापड चिमटीत धरून ओढत होता. डावा हात इस्त्रीच्या गरम पत्र्याला लागून भाजत होता आणि तिला त्याची खबर नव्हती. समोर ना सासू होती, ना रेडिओ. नुसती चुन्याची भिंत.

भिंतीला कोण वेडावतं?

 मोठ्या बाईंनी सुनेचा हात ओढून बाजूला केला, पायानं प्लग उडवला. तोवर सुनेचं अंग ताठ झालं, घशातून एक विचित्र आवाज आला आणि ती स्टुलावरून खाली गेली. सगळं अंग झटके द्यायला लागलं. मोठ्या बाई फरशीवर बसल्या, जवळचा धुतलेल्या चादरींचा गठ्ठा ओढून तिच्या डोक्याखाली सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या ते कुणाला रागवायला नव्हे.

दवाखान्यात पोचेपर्यंत झटके थांबले होते. सून डोळे उघडून बघत होती, पण घरातली माणसंसुद्धा ओळखायला तिला वेळ लागला. हाताला मलमपट्टी झाली. मेंदूची डॉक्टरीण आली. तरुण होती, केस वर बांधलेले, पायात साधे कापडी बूट. ती खुर्ची ओढून खाटेशेजारी बसली तेव्हा मोठ्या बाईंना बरं वाटलं. उभ्याउभ्या बोलणाऱ्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"नक्की काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रेडिओ सोबत आली होती. तिला दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे. "शॉक लागला हो! इस्त्रीचा. जुनी इस्त्री, तिची ती वायर, मी किती दिवस म्हणतेय, एक दिवस कुणाला तरी चिकटवणार ही. चिकटली तशी उडाली आणि पडली. मी डोळ्यांनी पाहिलं!"

"तू चादरीत तोंड खुपसून होतीस," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे, ऐकलं ना मी!"

मुलानं मान डोलावली. शॉकच असणार, असं त्याला मनापासून हवं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. शॉक म्हणजे बाहेरची गोष्ट. वायर बदलली की संपली.

"असेलही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर नुसती चक्कर. किंवा जुन्या आजाराचाच नवा जोर. तसं असेल तर मागं सलाईनमधून दिलेली औषधं पुन्हा द्यावी लागतील. किंवा मग फिट. प्रत्येकाचा उपाय वेगळा. डोक्याचा आलेख काढू आपण, पण फिट येऊन गेल्यावर आलेखात ती दरवेळी सापडतेच असं नाही. म्हणून विचारते. पडायच्या आधी त्यांना कुणी पाहिलं? त्यांच्याकडं बघत होतं कुणी?"

सलाईनमधली ती औषधं सुनेला चांगली आठवत होती. तोंड सुजलं होतं, रात्र रात्र डोळा लागला नव्हता. ती पडल्यापडल्या म्हणाली, "काहीही द्या, डॉक्टर. पण मला खरं सांगा. मला वेड लागतंय ना? मधले तुकडे जातात माझे. त्या वेळात मी काहीतरी करते. काहीतरी वाईट करत असणार. नाहीतर आई माझ्याशी बोलायच्या का थांबल्या?"  मग नवऱ्याला म्हणाली, "मला माहेरी सोड. इथं कुणाला आणखी भाजायच्या आधी सोड."

मुलानं आईकडं पाहिलं. रेडिओनंही पाहिलं.

 मोठ्या बाईंनी शॉक म्हणून मान डोलावली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. इस्त्री भंगारात, सून माहेरी, आणि कवळी तोंडात जिथल्या तिथं. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसून ऐकत होती. दारात कुणाचे तरी दोन नातेवाईक उभे होते.

"मी पाहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय पाहिलंत?"

"ती पडली ते शॉकनं नाही. आधीच तिचं काहीतरी चाललं होतं. तोंड करत होती."

"तोंड करत होती म्हणजे? काही बोलत होत्या?"

"नाही हो. तोंड असं..." त्यांनी ओठ हलवून बघितले. कवळीनं जबडा धरून ठेवला होता. नुसतं दात आवळल्यासारखं दिसलं.

"दात खात होत्या का?"

"नाही म्हणते ना! असं नाही ते." मोठ्या बाईंनी खोलीभर एकदा नजर फिरवली, जणू कोण हसतंय ते आधीच लिहून ठेवत होत्या. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. पण भिंतीकडं वळल्या नाहीत. सगळ्यांच्या देखत तोंडात बोटं घातली, कवळी काढली, रुमालात ठेवली आणि रुमाल रेडिओच्या हातात दिला. "धर. आणि पाडलीस तर बघ."

मग त्या सुनेच्या समोर, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. डोळे एका जागी रोखले. ओठ आत गेले. जबडा सुटला. मच् मच् मच्. उजव्या हाताची चिमूट करून त्यांनी खाटेवरच्या चादरीचा काठ धरला आणि कुरतडल्यासारखा ओढत राहिल्या. डॉक्टरीणबाई बघत होत्या, त्या थांबा म्हणेनात, म्हणून मोठ्या बाई करत राहिल्या. पलीकडच्या खाटेवरून एक फिस्सकन हसू आलं. मोठ्या बाईंनी डोळा हलवला नाही, कारण सुनेनंही हलवला नव्हता. शेवटी लांब श्वास घेतला, इकडंतिकडं पाहिलं, आणि सुनेच्याच सुरात म्हणाल्या, "काय म्हणालात, आई?"

रेडिओ गप्प होती. ही बातमी पुढं कित्येक दिवस लाँड्रीत चालली, की त्या दिवशी रेडिओ बंद पडला.

"हे आधीही झालंय?" डॉक्टरीणबाईंनी हळू विचारलं.

"झालंय. पुष्कळदा. दर वेळी असंच. याच हातानं."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

कवळी नसल्यानं शब्द फुसफुसत बाहेर आले. "मला वाटलं, मला वेडावते. माझं तोंड दुपारी असंच होतं ना. अबोला धरला मी. आणि समोर नको म्हणून तिला भिंतीकडं बसवलं. इस्त्रीवर."

मुलगा काहीतरी बोलणार होता. डॉक्टरीणबाईंनी हातानंच त्याला थांबवलं आणि त्या सुनेकडं वळल्या.

"ऐका. तुम्हाला वेड लागत नाहीये. या फिट आहेत. प्रत्येक फिटमध्ये माणूस पडून हातपाय झाडतो असं नसतं. कधी मेंदूच्या एका कोपऱ्यातच गडबड होते. माणूस उभा असतो, डोळे उघडे असतात, तोंड चघळतं, हात चाळा करतो, आणि त्याला काही कळत नसतं. आज ती गडबड पसरली म्हणून तुम्ही पडलात. तुमच्या आजारात सगळ्यांना होत नाही हे, थोड्यांनाच होतं. याला वेगळ्या गोळ्या असतात आणि बहुतेकांना त्या लागू पडतात. आजाराचा नवा जोर आहे का, तेही मी तपासणार आहे. पण यांनी दाखवलं नसतं तर मी शॉक समजून तुम्हाला घरी पाठवलं असतं."

मग डॉक्टरीणबाईंनी बाकीचं सांगितलं. गरम इस्त्री नाही, उंचावर चढणं नाही, गाडी चालवणं नाही, निदान आता नाही. पडली तर कुशीवर वळवायचं. तोंडात काही कोंबायचं नाही. झटके थांबेनात तर लगेच दवाखाना. आणि छोटी फिट आली तर ओरडायचं नाही, हलवायचं नाही, गरम नि धारदार वस्तू बाजूला करायच्या आणि ती परत येईपर्यंत जवळ थांबायचं.

"एवढंच?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एवढंच. पण तोंडाकडं लक्ष असणारं कुणीतरी हवं."

सून मोठ्या बाईंकडं बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठांवर मात्र हसू फुटत होतं. "आई," ती म्हणाली, "मी खरंच अशी दिसते?"

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुला दात आहेत." मग रेडिओच्या हातातून रुमाल घेतला, पण कवळी घातली नाही. तशाच खाटेच्या कडेला बसल्या आणि सुनेचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळ्यांनी तिला झोप फार यायची, त्या बदलल्या. माहेरी जाऊन आली, आठ दिवसांत परतली. कोपऱ्यातलं टेबल मोठ्या बाईंनी तिथून हलवलं आणि इस्त्रीचं काम मुलाच्या गळ्यात घातलं. "हिशेब काय, बसूनही होतात. उभा राहा जरा." रेडिओ पुन्हा रोलरवर गेली. आणि घडीच्या टेबलाला कंबर टेकवून सून उभी राहिली, मोठ्या बाईंच्या समोर.

एका दुपारी हॉटेलाच्या मोठ्या पलंगाची चादर होती. झटकली, ताणली, आणि पलीकडची ओढ गेली. सुनेचे डोळे एका जागी थांबले. ओठ आत गेले.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. चादर न सोडता त्या हात सरकवत सरकवत तिच्यापर्यंत गेल्या आणि तिच्या बोटांतून निसटणारी दोन्ही टोकं आपल्या मुठीत घेतली. आता चारही टोकं त्यांच्याच हातात होती. त्या तिच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. रोलर चालला होता, रेडिओ चालली होती, बॉयलर वाफ सोडत होता. दुपारची वेळ, कवळी खिशात. समोरासमोर दोन तोंडं चघळत होती आणि कुणी कुणाला वेडावत नव्हतं.

मग सुनेनं लांब श्वास घेतला. इकडंतिकडं पाहिलं. हात रिकामे दिसले तशी तिची नजर भिरभिरली, आधी फरशीवर गेली. फरशीवर काही नव्हतं.

"काय म्हणालात, आई?"

"काही नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि दोन टोकं तिच्या हातात दिली. "धर. ताण आता."